मानाचं हसू

पोराच्या हातातून किटली निसटली, तिचं झाकण गडगडत जाऊन पेटीवाल्याच्या मांडीखाली शिरलं, आणि अख्खा मांडव हसला. मी हसलो नाही. रुसून नव्हे, आणि विनोद कळला नाही म्हणूनही नव्हे. किटल्या पाडण्यात माझी उभी हयात गेली आहे. कुठली किटली आपसूक पडली आणि कुठली तालमीत पाडून पाडून तयार केलेली आहे, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. ही पाडलेली होती आणि झकास पाडलेली होती. तरी माझं हसू गळ्याशी येऊन उभं राहिलं; पाहुण्याने दाराबाहेर वहाणा काढाव्यात आणि आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत तसंच उंबऱ्याशी ताटकळावं, तसं. अलिबागेतला वैशाखातला उत्सव, छत्तीस साल. समुद्राच्या बाजूने कनात लावलेली, वाऱ्याने ती मधूनच पोट फुगवायची. पुढे कचेरीतल्या साहेबलोकांच्या खुर्च्या, मागे जाजम, आणि जाजमाच्या मधोमध बायका-पुरुषांना वेगळं काढणारा एक सुंभाचा दोर. दोराच्या पलीकडे माझी सून कमळ माझ्यावर डोळा ठेवून बसली होती. तिला नाटक बघायचंच नव्हतं. माघात आमच्या गावाहून, बोर्लीहून, माझा सोबती धर्माजी वारल्याचा निरोप आला तेव्हापासून मी हसलो नाही, हे घरात फक्त तिच्या ध्यानात आलं होतं. माझ्या मुलाच्या, दिनानाथच्या, ध्यानात आलं नाही; तो कचेरीत कारकून आहे, त्याला न हसणारी माणसं बघायची सवय आहे. "मामंजी, बरं वाटत नाही का?" कमळने दोरावरून वाकून विचारलं. "बरं आहे." "मग हसला का नाहीत?" "थांबलोय," मी म्हणालो. "कशासाठी?" मी थांबलो आहे हे मलाही त्याच क्षणी कळलं होतं.

मी धर्माजीने हसायची वाट बघत होतो.

आमच्या बोर्ली पंचतनात हसण्याचाही मान होता. पालखीला पहिला खांदा कुणाचा, गावदेवीला पहिला नारळ कुणाचा, हे जसं ठरलेलं, तसंच वैशाखातल्या उत्सवात, दुपारच्या सोंगाला पहिलं हसू कुणाचं हेही ठरलेलं. मानकऱ्याला विडा-नारळ मिळे, त्याच्यासाठी पुढे घोंगडी अंथरलेली असे, आणि तो हसल्याशिवाय दुसरं कुणी हसायचं नाही. का, म्हणाल तर पूर्वी म्हणे दोन वाड्यांत याच्यावरून डोकी फुटली होती. सोंगात पाटलाचं धोतर सुटल्याचा प्रसंग होता आणि नेमका त्या वर्षी खऱ्या पाटलाचा पाय शेणात सरकला. वरच्या वाडीची माणसं सोंगाला हसली की पाटलाला, याचा निवाडा होईना. तेव्हा गावकीने ठरवलं की पहिलं हसू एकाच घराने हसायचं. ते घर धर्माजीचं, त्या घरावर सगळ्यांचा विश्वास. ते घर हसलं म्हणजे हसण्यासारखं आहे, आणि ते देवीच्या नावाने आहे, कुणाच्या अब्रूवर नाही. मग बाकीच्यांनी हवं तेवढं हसावं. ही हकीकत मी कमळला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, काहीही सांगता." मी काहीही सांगतो हे खरं आहे, धर्माजीच्या हसण्याने सुपारीचे घोस गळायचे, दिघीच्या खाडीतली होडी भोवऱ्यात सापडल्यासारखी फिरायची, असंही मी सांगितलेलं आहे. होडीचं जाऊ द्या. सुपारीचं मात्र अगदीच खोटं नव्हे.

कारण ते हसू ऐकायला आमच्या सुपारीच्या वाडीतच बसायला हवं. रात्रीचं मोठं नाटक देवळापुढे बत्त्या लावून होई, त्यात राजे असत, राण्या असत, आणि दोघंही आपापल्या मरणाआधी पाऊण तास गात. आमचं सोंग दुपारचं. जेवणं झालेली, वाडीत वरून सुपारीची आणि माडाची सावली, खाली शिंपलेली जमीन, मुंबईहून सुटीवर आलेली मंडळी कडक इस्त्रीच्या टोप्या मांडीवर घेऊन बसलेली. बाजूला विहिरीवरचा रहाट. तो त्या दुपारपुरता बंद असायचा. आणि मग धर्माजीचा रहाट सुरू व्हायचा. मला दुसरी उपमा सुचत नाही, आणि खरं तर ती उपमाही नाही. आधी त्याचे खांदे हलायचे. मग घशात सुकं लाकूड करकरावं तसा आवाज; एकदा, दोनदा. मग काहीच नाही. ही जी मधली पोकळी, तिथे सगळं गाव श्वास धरून बसायचं. आणि मग खालून पाणी चढायचं, एकेक गाडगं भरून वर यायचं आणि ओतायचं, वर यायचं आणि ओतायचं, की पाटाला लागलेल्या पाण्यासारखं सगळं गाव एकदम वाहायला लागायचं. मी समोर लुगडं नेसून उभा. बावीस-पंचवीस वर्षं मी सोंगातली सासू झालो. हिरामण माझा मुंबईचा जावई, पायात बूट, काखेत छत्री. तोंडावरची एक शीरही हलू न देता ते पाणी अंगावर घेत उभं राहायचं, हे माझं काम. गावातल्या सगळ्यांच्या नकला मी केल्या. खोताची केली, पोस्टमनची केली, प्रत्यक्ष माझ्या बापाची त्याच्यासमोर केली. धर्माजीच्या हसण्याची नक्कल मी कधीच केली नाही. देवाच्या पुढ्यातला नारळ कुणी सहज उचलून पाहत नाही, तसं.

इकडे अलिबागेत त्या किटलीवाल्या पोराने खाली वाकून झाकण शोधायला सुरुवात केली. हशा झाला, पण या वेळी माझं लक्ष रंगमंचाकडे नव्हतंच. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत मधोमध एक मोठे साहेब बसले होते, आणि त्यांच्या मागच्या दोन रांगा विनोद झाला की आधी त्यांच्या मानेकडे बघत होत्या. साहेबांची मान हलली की या रांगा हसत. त्या हसल्या की जाजम हसे. मला मोठी गंमत वाटली. म्हणजे मान इथेही होता; फक्त त्या बिचाऱ्या साहेबांना कुणी विडा-नारळ दिला नव्हता, आणि मान आपल्या घरात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे धर्माजीला सांगायला पाहिजे, असं माझ्या मनात आलं. येतंच असं. माघापासून रोज काही ना काही त्याला सांगायचं साठतं आहे, आणि ठेवायला जागा उरलेली नाही.

सोंगातलं माझं लुगडंही धर्माजीच्याच घरचं. मानाच्या घराने सासूचं लुगडं द्यायचं, हाही रिवाजच. धर्माजीची बायको मनुबाई दरसाल स्वतःच्या नेसणीतलं हिरवं लुगडं काढून द्यायची आणि परत घेताना पदर उजेडात धरून बघायची. "बुधाभावोजी, ह्ये काय? यंदा परत पान थुकलात पदरावर?" "वयनी, मी न्हाय, तो जावई." "जावयाचं नाव नका सांगू. सासू तुमी हाव, पदर तुमी सांबाळायचा." ती खूप बोलायची आणि धर्माजी मुळीच बोलायचा नाही, त्या घरातलं बोलणं तिच्याकडे आणि हसणं त्याच्याकडे, अशी वाटणी. जेवण झालं की ती अडकित्त्याने सुपारी फोडी, अर्धी स्वतः खाई, अर्धी हातात धरून ओटीवर बसलेल्या नवऱ्याला हाक मारी, "अवो, सुपारी घेताव का टाकू कोंबड्यांस?" तो न बघता हात पुढे करून म्हणे, "दे." बस्स. उभ्या संसारात त्यांचं याहून जास्त काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. आणि त्यात काही कमी आहे असंही कधी वाटलं नाही.

पंचवीस साली शिमग्याच्या सुमारास मनुबाई तापाने गेली. धर्माजी रडला नाही, आणि बोलत नव्हताच, त्यामुळे त्याच्यात काय बदललं हे कुणाला चटकन कळलं नाही. मला कळलं. तो समोर बसलेला असायचा आणि नसायचा. बैल बांधायला जायचा आणि दावं हातात घेऊन बैलाशेजारी उभा राहायचा, आता कुणी कुणाला बांधायचं आहे याचा विचार करत असल्यासारखा. मी गेलो तर घोंगडीवर जागा करून द्यायचा. मी एकसे एक थापा मारल्या. मुरुडच्या किनाऱ्याला एक मासा लागलाय, त्याच्या पोटात माणूस निघाला आणि त्या माणसाने आधी तंबाखू मागितली, असं सांगितलं. पूर्वी एवढ्यावर रहाट सुटला असता. तो म्हणाला, "असंल." मला भीती वाटली. जो माणूस माझ्या थापेवर विश्वास ठेवतो तो जगण्यातून उठला, असं मी समजतो.

वैशाख जवळ आला तेव्हा गावकी बसली. म्हातारा कोंडाजी गावकीत मुख्य. त्याचं म्हणणं, देवीच्या मानाला दुखवटा नसतो, धर्माजीने हसायलाच हवं, नाहीतर मान दुसऱ्या घरात जाईल. "आन दुसरं घर हसंपर्यंत?" मी विचारलं. "तवर कुनी हासायचं न्हाय." "म्हंजे आमी सोंग करायचं, आन सगल्या गावानं तोंड शिवून बसायचं?" "व्हय." हिरामण घाबरला, तो म्हणाला, यंदा आपण सोंगच नको करूया, माझा पाय मुरगळलाय असं सांगतो. मानाची मला पर्वा नव्हती. मान गेला असता तर गेला असता, सुपाऱ्या काही कमी लागल्या नसत्या. पण धर्माजी आता हसला नाही, तर पुढे कधीच हसणार नाही, हे मला आतून कळत होतं. बंद ठेवलेला रहाट तसाच राहिला की गाडगी तडकतात, सुंभ कुजतो; मग कितीही ओढा.

सोंगाच्या दिवशी सकाळी मी बायकोचं एक जुनं लुगडं काढून ठेवलं होतं. धर्माजी आला. अंगणात उभा राहिला, काखेतून घडी काढली आणि ओटीवर ठेवली. हिरवं लुगडं. मी म्हणालो, "धर्मा, ह्ये नको." तो म्हणाला, "मानाचं हाय. द्यायलाच लागतं." "अरे, पन—" "ती देयाची," तो म्हणाला, आणि आला तसा गेला.

दुपारी शिडाच्या पडद्यामागे मी ते नेसायला घेतलं. पडदा म्हणजे करमअलीच्या मचव्याचं शीड. दिघी बंदरात त्याचा मचवा असे. उत्सवाला तो शीड हौसेने द्यायचा, पण त्याच्या गाठींवर त्याचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता, म्हणून दरसाल स्वतः येऊन दोराशी उभा राहायचा आणि सोंगापेक्षा शिडाकडे जास्त बघायचा. "बुधाजी, हात लावू नकोस त्या दोराला, या अल्ला, सासू झालास म्हणून काय झालं!" मी निऱ्या घालत होतो. लुगडं धुतलेलं नव्हतं. ती आजारी पडली तेव्हा अंगावरून उतरवून ठेवलं असेल, तसंच घडी झालं असेल. चुलीचा धूर, खोबरेल, आणि त्याखाली तिच्या हातांचा, सुपारीचा तुरट वास. मी नाकाला पदर लावून उभा राहिलो आणि माझं सगळं पाठांतर, बावीस-पंचवीस वर्षांचं, त्या वासात विरघळलं. पडदा सरकला. मी पुढे गेलो.

समोर सगळं गाव तोंडाला पदर, टोप्या, पंचे लावून बसलेलं. नुसते डोळे. घोंगडीवर धर्माजी, विडा-नारळ पुढ्यात तसाच. हिरामणने छत्री उघडली, ती उलटी झाली. हमखास हशाची जागा. कुणी हसलं नाही. मुंबईच्या एका पोराच्या नाकातून काहीतरी निसटलं, त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. हिरामण हळूच म्हणाला, "बुधा, बोल." मला एक शब्द आठवेना. हातांना काय करावं कळेना म्हणून ते पदर आवरू लागले. मी आवरत नव्हतो, ते आवरत होते, तिच्यासारखे, डाव्या खांद्यावरून एक झटका देऊन. आणि पदराच्या टोकाला बोटांना गाठ लागली. त्या गाठीत काहीतरी टणक. मी ती सोडली. भरल्या सोंगात, हिरामण छत्री उलटी धरून उभा असताना, मी ती गाठ दातांनी सोडली. आत अर्धी सुपारी होती.

लोक म्हणतात मी ते मुद्दाम केलं. मला तेवढी अक्कल असती तर मी खोत झालो असतो. माझं तोंड उघडलं आणि तिच्या आवाजात, तिच्या त्या किरकिऱ्या गोड आवाजात, ते बाहेर पडलं: "अवो, सुपारी घेताव का टाकू कोंबड्यांस?"

धर्माजीने हात पुढे केला. वर न बघता. "दे," तो म्हणाला.

हात पुढे झाला होता आणि हवेत राहिला होता. मग धर्माजीने मान वर करून आधी त्या हाताकडे बघितलं, हा कुणाचा, अशा नजरेने. मग माझ्याकडे, मिशा असलेल्या, दाढी वाढलेल्या, हिरव्या लुगड्यातल्या त्याच्या बायकोकडे. मी दोन पावलं पुढे जाऊन सुपारी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली. त्याचे खांदे हलले. घशात करकर झाली, एकदा, दोनदा. मग पोकळी. ती इतकी लांबली की मला वाटलं, सुंभ तुटला. आणि मग खालून जे वर आलं, ते गाडग्यांनी नाही, सगळी विहीरच वर आली. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, अंग गदागदा हलतंय, आणि आवाज असा की त्याला नाव देता येईना.

आणि तरीही कुणी हसेना! कारण हे हसू होतं की रडू, हे कुणाला ठरवता येईना. माणसं एकमेकांकडे बघत होती, गुदमरत होती. कोंडाजी काठी टेकत उठला. "थांबा! कुनी हासू नका. ह्ये रडनं हाय. रडनं मानात धरता येत न्हाय." कुणीतरी म्हणालं, "आजोबा, खांदे हलले वो!" "खांदे रडतानापन हलतात." मी समोर उभा, तोंडावरची एक शीर न हलवता, आणि आत माझं सगळं फाटत होतं. एक शब्द कुणीतरी बोलायला हवा होता, आणि गावात तो बोलायचा अधिकार कुणालाच नव्हता.

करमअली शिडाच्या दोराशी उभा होता. घोंगडीच्या, जाजमाच्या, मानापानाच्या बाहेर. "कोंडाजीभाव," करमअली म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने शिडाचा दोर हातातून सोडला, "खुदाची कसम, अक्कल गहाण ठेवलीस काय? रडणारा माणूस सुपारी मागतो काय? बरं, मागितली. रडणारा माणूस चावतो काय? तो बघ! चावतोय तो!" सगळ्या गावाने धर्माजीच्या जबड्याकडे बघितलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक वाहतंय, आणि तो खरंच चावत होता. कडाम कडाम, मन लावून, जेवणानंतरची सुपारी चावावी तसा. "चावतोय म्हंजे हसला!" करमअली ओरडला, आणि त्याच वेळी त्याचं शीड सुटून हिरामणच्या डोक्यावर पडलं, छत्रीसकट.

मग वाडी हसली. त्या दिवशी सुपारीचे घोस गळले. हे कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो. शिडाखाली आंधळ्यासारखा फिरणारा हिरामण, कपाळावर हात मारत धावणारा करमअली, आणि बायका तर हसता हसता मनुबाईसाठी रडत होत्या, बहुतेकींचं तिच्यासाठी रडून घ्यायचं राहिलंच होतं. कोंडाजीसुद्धा काठीवर वाकून हसला, मग सावरून म्हणाला, "मानलं. हासू मानलं." संध्याकाळी मी लुगडं परत करायला गेलो. धर्माजीने ते घेतलं, पदर उजेडात धरून बघितला. मग म्हणाला, "पान थुकलायस." मी म्हणालो, "मी न्हाय, तो जावई."

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं हसला. मीच मग मुलाच्या नोकरीमागे अलिबागेला आलो. करमअली आफ्रिकेत मुलाकडे गेला. मचवा विकला, शीड मात्र सोबत नेलं म्हणतात. आणि माघात निरोप आला.

समोर किटलीवाल्या पोराचं काहीतरी बिनसलं होतं. झाकण खरंच सापडत नव्हतं. पेटीवाला त्याच्यावरच बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. आता हे पाडलेलं नव्हतं, हे आपसूक होतं. मी कान टवकारले. पोर वाक्य विसरलं. सोबतचा नट आत बघू लागला, आतून कुणी काही सांगेना. खुर्च्यांच्या रांगांनी साहेबांच्या मानेकडे बघितलं. मान छातीवर पडली होती. साहेब झोपले होते. रांगा थांबल्या, जाजम थांबलं. पोराच्या कपाळावरून रंग ओघळताना दिसत होता. ती पोकळी मी ओळखत होतो. तिच्यात उभं राहिलेलं पोर मीच होतो. मग पोराने अगदी हताश होऊन, नाटकातलं नव्हे असं, पेटीवाल्याला विचारलं, "दादा, जरा उठता का?"

माझे खांदे हलले. मला वाटलं खोकला येतोय. घशात सुकं लाकूड करकरलं. एकदा, दोनदा. शेजारच्या माणसाने वळून बघितलं. मी तोंडावर पंचा धरायला गेलो, कारण हे माझं नव्हतं, हे दुसऱ्या घरचं होतं, आणि मी ते कधी उचललेलं नव्हतं; पण पंचा पोचायच्या आत पाणी वर आलं. धर्माजीचंच. तसंच, एकेक गाडगं, बोर्लीच्या दुपारच्या सावलीतून भरून आलेलं आणि अलिबागेच्या जाजमावर ओतलेलं. मागून कुणीतरी फिसकलं, मग बायकांची बाजू, मग सगळं जाजम, मग खुर्च्या; साहेब दचकून जागे झाले आणि आपल्याला उशीर झाला असं समजून सगळ्यांत मोठ्याने हसले. पोराने आमच्या दिशेने बघितलं. त्याच्या जिवात जीव आला.

माझं थांबेना. डोळ्यांपुढे सगळे दिवे पाण्यात गेले होते. कमळ दोराखालून अर्धी अलीकडे आली होती. "मामंजी, अहो मामंजी, काय होतंय? हसताय ना? की—" मी न बघता हात पुढे केला.

ती क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिली. सुपारी नव्हती तिच्याजवळ. पदरात पुडी होती शेंगदाण्यांची. त्यातले मूठभर तिने माझ्या तळव्यावर ठेवले. मी ते तोंडात टाकले. माझ्या तोंडात आता दात म्हणावेत असे फारसे उरलेले नाहीत, पण जे होते त्यांनी काम सुरू केलं. कमळने दिव्याच्या उजेडात वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. गाल ओले, मिशा ओल्या. ती गोष्ट मी तिला चुलीपुढे किती वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी तिने 'काहीही सांगता' म्हणून भाकरी उलटली असेल.

"चावताय," ती हळूच म्हणाली. आणि मग ती हसली.